अंगणातले झुंबर

दाराला काही तरी बांधल्यावाचून आपल्याकडील घराला घरपण येत नाही. पाडव्याला आंब्याच्या डहाळ्या, दसऱ्याला झेंडूच्या माळा, दिवाळीत आकाशकंदील. आणि धान पिकविणाऱ्या आपल्या भागात तर नव्या पिकाच्या लोंब्या गुंफून ओसरीला टांगण्याचीही रीत आहे. त्या लोंब्यांवर चिमण्या येऊन बसतात, दाणे टिपतात, आणि चार-सहा आठवड्यांत तोरणाचा नुसता सांगाडा उरतो. त्याबद्दल घरातले कोणीही चिमण्यांवर रागावत नाही. मला हे तोरण सर्वांत आवडते.

अलीकडे या जुन्या तोरणांच्या जोडीला आणखी एक वस्तू अंगणात दिसू लागली आहे. शंख, शिंपले, कवड्या आणि लाटांनी गुळगुळीत केलेली लाकडे दोऱ्यांत ओवून केलेले झुंबर झाडाच्या फांदीला टांगतात. वारा आला की ते किणकिणते. वस्तू सुंदर असते, यात शंका नाही. गडचांदूरसारख्या गावात, जेथून समुद्र शेकडो कोस दूर आहे, तेथे तर शिंपल्यांच्या झुंबराचे अप्रूप अधिकच. अशा एका झुंबराच्या मोहाने माझ्या हातून एकदा जे घडले, ते प्रथम सांगतो. कारण या विषयावर माझे जे मत आहे, ते त्या प्रसंगातून तयार झाले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही कोकणात गेलो होतो. समुद्र मी त्यापूर्वी पाहिलेला नव्हता. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर पसरलेले ते धन पाहून मी वयाचा विसर पडल्यासारखा धावत सुटलो. चपटे शिंपले घेतले, पिळदार शंख घेतले, ठिपक्यांच्या कवड्या घेतल्या. निवड अशी केलीच नाही. कापडी पिशवी भरली, तेव्हा थांबलो. ती पिशवी मी जपून बांधली आणि बल्हारशापर्यंतच्या लांबलचक रेल्वेप्रवासात बाकाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी डब्यात दुर्गंधी सुटली. शेजारचे प्रवासी एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी माझ्याच पिशवीवर सर्वांची दृष्टी स्थिरावली. घरी येऊन पिशवी उघडली, तेव्हा सात-आठ शंखांच्या तोंडाशी बारीक, वाळलेल्या नांग्या दिसल्या. ते शंख रिकामे नव्हते. त्यांत कोणी तरी राहत होते, आणि मी त्या रहिवाशांना घरासकट उचलून आणले होते.

शंखात राहणारा हा लहान खेकडा मोठा चमत्कारिक प्राणी आहे. त्याच्या शरीराचा पुढचा भाग कठीण असतो, परंतु मागचा भाग अगदी मऊ व उघडा असतो. त्याला स्वतःचे कवच करता येत नाही. म्हणून मेलेल्या गोगलगायींचे रिकामे शंख शोधून तो त्यांत आपले मऊ अंग दडवितो, आणि घर पाठीवर घेऊन हिंडतो. अंग वाढले की घर अपुरे पडते. मग मोठ्या शंखाचा शोध सुरू होतो. एखादा चांगला मोठा शंख वाळूत सापडला, तर कधी कधी त्याच्याभोवती लहानमोठे अनेक खेकडे जमतात व आकाराप्रमाणे रांग लावतात. सर्वांत मोठा खेकडा नव्या घरात शिरला की त्याचे सोडलेले घर दुसरा घेतो, दुसऱ्याचे तिसरा, आणि क्षणार्धात सगळ्या रांगेचे बिऱ्हाड बदलते. म्हणजे एक शंख किनाऱ्यावर राहिला, तर त्याने एकाचीच सोय होते असे नाही. आणि एक शंख उचलला, तर एकाचीच गैरसोय होते असेही नाही. शास्त्रज्ञांच्या ग्रंथांत हे वाचले, तेव्हा माझ्या पिशवीतील त्या वाळलेल्या नांग्या मला पुन्हा आठवल्या.

यावर कोणी म्हणेल, “समुद्र केवढा, आणि एका माणसाची मूठ केवढी! मूठभर शिंपल्यांनी असा काय फरक पडणार?” मलाही असेच वाटत असे. परंतु हा प्रश्न स्पेन देशातील एका किनाऱ्यावर प्रत्यक्ष मोजून पाहिला गेला आहे. तेथे १९७८ ते १९८१ या काळात संशोधकांनी वाळूवरील शिंपल्यांची नियमित मोजणी केली होती. २००८ ते २०१० मध्ये त्याच ठिकाणी, त्याच रीतीने पुन्हा मोजणी झाली. मधल्या तीस वर्षांत तेथे येणाऱ्या पर्यटकांची संख्या जवळजवळ तिप्पट झाली होती, आणि शिंपले उरले होते साधारण एक-तृतीयांश. हे सारे केवळ वेचणाऱ्यांनी केले असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. किनारा झाडणारी यंत्रे आली, माणसांची वर्दळ वाढली, तिचाही त्यात वाटा असणार. तरीही त्या तीस वर्षांत आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ‘माझ्या एका मुठीने काय होते?’ असेच म्हटले असेल, हे मला अगदी स्पष्ट दिसते.

शिंपला किनाऱ्यावर नुसता पडून राहतो, तेव्हाही तो काम करीत असतो. त्यावर शेवाळ धरते, लहान जीव चिकटतात. तो फुटतो, झिजतो आणि वाळू होतो. त्याचा चुना पाण्यात विरघळून पुन्हा नव्या शिंपल्यांच्या उपयोगी पडतो. आपल्या देशातील कायद्यानेही याची दखल घेतलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत वाघ व काळवीट यांच्याप्रमाणे शंख-शिंपल्यांच्याही काही जाती २००१ साली घालण्यात आल्या. मोठमोठे सुंदर शंख विकणाऱ्या दुकानासमोर उभे राहाल, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

मग कोकणातील मुलांनी शिंपल्यांचे झुंबर करूच नये काय? अवश्य करावे. कोकणात घरोघर तिसऱ्यांचे कालवण होते. कालवे फोडून खातात. जेवणानंतर त्या शिंपल्यांचा ढीग परसात जाऊन पडतो. तो ढीग हीच त्या मुलांची खाण आहे. तेथील एकेक शिंपला धुऊन, उन्हात वाळवून झुंबराला लावला, तर कोणाचेही घर मोडत नाही. गोव्याच्या जुन्या घरांत तर चौकोनी कापलेले पातळ, अर्धपारदर्शक शिंपले खिडक्यांच्या लाकडी चौकटींत बसविलेले दिसतात. काच दुर्मीळ व महाग होती, त्या काळी त्या शिंपल्यांतून घरात मऊ, दुधाळ उजेड येई. फिलिपाईन्स बेटांतील कारागीर त्याच जातीच्या शिंपल्यांची वाऱ्यावर वाजणारी झुंबरे करून देशोदेशी पाठवितात. ज्याच्या दारात जे आहे, त्याने त्याची कला फुलविली. ही गोष्ट मला फार विचार करण्याजोगी वाटते; कारण आपण मात्र दारात जे आहे, ते सोडून दूरच्या किनाऱ्यावरची पिशवी भरून आणतो!

आमच्या गडचांदूरला समुद्र नाही, असे मी वर म्हटले. ते अर्धेच खरे आहे. गावाच्या आसपास सिमेंटचे कारखाने उभे राहिले, ते येथील चुनखडकाच्या आधारावर. हा चुनखडक एका अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी गाळ साचून तयार झालेला आहे. कवचधारी प्राणी पृथ्वीवर दिसू लागले, त्याला सुमारे ५४ कोटी वर्षे झाली. आमचा हा खडक त्याहूनही जुना आहे. म्हणून त्यात शंख-शिंपले सापडत नाहीत. त्या समुद्राच्या काठी वेचण्याजोगे काही नव्हतेच, असे म्हटले तरी चालेल. आज आमच्या वाट्याला आलेले पाणी म्हणजे अमलनाल्याचे धरण आणि वर्धा व पैनगंगा या नद्या. हे पाणी पुढे प्राणहितेला, तेथून गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. नकाशावर मोजून पाहा. कोकणच्या किनाऱ्यापेक्षा तो पूर्वेचा समुद्रच आपल्याला जवळ आहे.

परंतु समुद्राची हौस कशाला? माघ-फाल्गुनात माणिकगडाच्या बाजूच्या रानात एकदा खाली पाहत चाला. वाऱ्यावर वाजावयाचे झुंबर करण्यासाठीच जणू कोणी सामान पसरून ठेवले आहे, असे वाटेल. बहाव्याच्या हातभर लांब, काळ्या, गोल शेंगा घ्या. आतल्या पडद्यापडद्यांतील बिया सुटल्या की शेंग हलविताच खुळखुळते. शिरीषाच्या चपट्या, पिवळसर, कागदासारख्या शेंगांना तर हलवावेही लागत नाही. पाने गळालेल्या झाडावर त्या वाऱ्याने आपोआप वाजत असतात, आणि दुपारच्या शांत वेळी तो आवाज दूरवर ऐकू येतो. मुरुडशेंग दोरीसारखी पिळलेली असते. टेंटूची शेंग तलवारीच्या पात्याएवढी लांब असते, आणि उकलली की आतून पातळ पडद्याचे पंख लावलेल्या बिया भिरभिरत बाहेर पडतात. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात. सागाचे फळ कागदी फुग्यात बसलेले असते. आणि कवठाची करवंटी! पोटातला गर खाऊन झाला की ती खरखरीत वाटी टांगावयाला किती शोभते, ते करून पाहिल्यावाचून कळावयाचे नाही.

सर्वांत मौजेचा आहे तो टसरचा कोसा. चंद्रपूर, गडचिरोली व भंडारा या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर टसरचे किडे पाळतात. ढीवर समाजातील कितीतरी कुटुंबांचा हा पिढीजात व्यवसाय आहे. हा किडा कोसा विणण्यापूर्वी फांदीला रेशमाचे एक कडे घालतो, त्याला देठ लावतो आणि त्या देठाला टणक, अंडाकृती कोसा टांगतो. टांगण्याची विद्या माणसाने शिकावी, ती या किड्याकडून. पतंग बाहेर पडून गेलेला, एका टोकाला भोक पडलेला कोसा अंगणातील झुंबरासाठी उत्तम. भरलेला कोसा मात्र कोणाच्या तरी कष्टाचा आणि पोटाचा आहे. त्याला हात लावू नये.

येथे तोच शंखाचा प्रश्न रानात पुन्हा आपल्यापुढे उभा राहतो. खाली पडलेले सारेच रिकामे व बेवारशी असते काय? सुगरणीचे घरटे पाहा. पावसाळा संपला, पिले उडून गेली, आता हे घरटे शिंदीच्या झाडावरून काढून दारात टांगले तर काय बिघडले, असे पुष्कळांना वाटते. बाजारात अशी घरटी विकावयासही येतात. परंतु सुगरणीने सोडलेल्या घरट्यांत मुनियांसारखे लहान पक्षी बिऱ्हाड करतात. थंडीत रात्रीच्या निवाऱ्याला येतात. ते घरटे म्हणजे रानातला शंखच आहे. माझ्या मते ते झाडावरच असू द्यावे. तेथे ते अधिक शोभते.

हिरडा-बेहड्याची गोष्ट निराळी. ती फळे, मोहाची फुले, डिंक, तेंदूची पाने वेचून अनेक आदिवासी कुटुंबे वर्षाचे मीठमिरची भागवितात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गावाला २००९ साली आपल्या रानावरचा सामूहिक हक्क कायद्याने मिळाला. त्या रानातील बांबू व इतर उपज यांचा निर्णय तेथील ग्रामसभा करते. त्यानंतर अनेक गावांना असे हक्क मिळाले. तेव्हा दुसऱ्या गावाच्या शिवारात शेंगा वेचावयाच्या तर आधी विचारावे. यात कमीपणा नाही; शेजाऱ्याच्या झाडाचा आंबा आपण विचारल्यावाचून पाडतो काय? ताडोबात मात्र विचारण्याचाही प्रश्न नाही. १९५५ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. तेथून काडीसुद्धा उचलावयाची नसते. तेथे पडलेली बहाव्याची शेंग अस्वल फोडते, गर खाते आणि बिया दूर नेऊन टाकते. अस्वलाला आणखी कोठे शेंगा वेचावयास जाता येत नाही, तुम्हाला येते. आणि जेथे वेचाल तेथेही झाडाखाली दहा शेंगा पडलेल्या असतील, तर दोन घ्याव्या आणि पुढल्या झाडाकडे वळावे.

काही गोष्टी सुरक्षिततेच्या म्हणून सांगितल्या पाहिजेत. लालभडक, काळ्या ठिपक्याची गुंज दिसावयास मोहक असते, पण अत्यंत विषारी असते. तिला भोक पाडू नये, तोंडात तर मुळीच घालू नये. बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड येतात. आणि खाजकुइलीची मखमली शेंग ज्याने एकदा हातात धरली, त्याला ती पुन्हा ओळखण्यासाठी पुस्तकाची गरज लागत नाही.

आता झुंबर करावयाचे कसे? वेळूची कामटी वाकवून तिचे कडे बांधावे. बुरुडाच्या घरी अशा कामट्यांचे तुकडे पडलेले असतात, त्याच्याकडून मागून आणावे. कड्याला तीन दोऱ्या समान अंतरावर बांधून त्या वर एकत्र आणाव्या, म्हणजे ते तिरपे होत नाही. ओवण्यासाठी अंबाडीचा वाख किंवा सुती दोरा घ्यावा. पुष्कळजण नायलॉनचा बारीक दोरा वापरतात, कारण तो दिसत नाही व तुटत नाही. हेच त्याचे दोन दोष आहेत. जो दोरा आपल्याला दिसत नाही, तो पाखरालाही दिसत नाही. आणि तुटत नाही म्हणून पाय अडकलेल्या पाखराला सुटताही येत नाही. संक्रांतीच्या पतंगांनंतर झाडांवर काय उरते, ते तुम्ही पाहिलेच असेल.

आवाज हवा असेल, तर वाळलेल्या वेळूच्या नळ्या लावाव्या. येथे एक युक्ती आहे. नळी अगदी टोकाला भोक पाडून टांगली, तर आवाज ठसका लागल्यासारखा बसका येतो. कोणतीही कांब किंवा नळी आघाताने थरथरते, तेव्हा तिच्यावर दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात. या जागा दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे बावीस टक्के अंतरावर असतात. म्हणजे नळी तीस सेंटीमीटर लांब असेल, तर टोकापासून साडेसहा सेंटीमीटरच्या किंचित पुढे भोक पाडावे. तेथे दोरा ओवला की थरथर अडत नाही आणि नाद मोकळा होतो. दोन्ही ठिकाणी टांगून पाहा. कानाला फरक कळतो. मधोमध कवठाची करवंटी लोंबकळत ठेवली, म्हणजे ती नळ्यांवर आपटत राहते. नळ्या लहानमोठ्या ठेवाव्या; आखूड नळीचा स्वर उंच लागतो, लांब नळीचा खाली. तालासुराचा फार आग्रह धरू नये. वारा काही गवई नव्हे.

रंग लावावा की नाही, यावर आमच्या घरी मतभेद आहेत. मी रंग न लावणाऱ्यांच्या पक्षात आहे. बहाव्याची शेंग काळीच चांगली दिसते, आणि कोशाचा फिका बदामी रंग कोणत्या डब्यात मिळणार? चकचकीत रोगण फासून शेंगांना चिनी मातीसारखे रूप देण्याची जी हौस आहे, ती मला समजत नाही. शेंग शेंगेसारखी दिसू नये अशी इच्छा असेल, तर शेंग वेचावी कशाला?

अशा झुंबराविरुद्ध एक तक्रार मी नेहमी ऐकतो, की ते टिकत नाही. ही तक्रार खरी आहे. बाजारातले प्लास्टिकचे झुंबर चार-पाच वर्षे लोंबकळत राहते. रंग उडाला तरी पडत नाही. आमचे झुंबर मृगाच्या पहिल्या पावसातच भिजून जड होते. शिरीषाच्या शेंगा गळून पडतात, कामटीला उधळी लागते, आणि आषाढात केव्हा तरी वाऱ्याच्या एका झोताने सारे खाली येते. मला त्यात वाईट वाटण्याजोगे काही दिसत नाही. लोंब्यांचे तोरणही टिकत नाही. म्हणून तर दर वर्षी नवे बांधण्याचा योग येतो.

कोकणातून आणलेले ते शंख अजून माझ्याकडे एका डब्यात आहेत. त्यांचे झुंबर मी केले नाही. शाळेतील मुले घरी आली की मी डबा उघडून त्यांना दाखवितो, आणि वाळलेली नांगी कोठे आहे ते शोधावयास सांगतो. अंगणातील कडुलिंबाला मात्र दर वर्षी रानातले झुंबर लागते. दोन वर्षांपूर्वीचे झुंबर पावसात पडले, तेव्हा त्यातील बहाव्याची एक शेंग पाण्याच्या टाकीजवळ कुजत राहिली. गेल्या पावसाळ्यात तेथे वीतभर रोप उभे राहिले. जागा अगदीच चुकीची आहे. मुळे टाकीला तडा देतील, असे घरातील सर्वांचे म्हणणे आहे, आणि ते बरोबरही आहे. यंदा पाऊस चांगला बसला की ते उचलून शाळेच्या कुंपणाशी लावावयाचे ठरले आहे. खड्डा खणावयास सहावीतील दोन मुलांनी आपली नावे दिली आहेत.